पेशीच्या श्वासाचा मागोवा : शास्त्रज्ञ ऑटो वॉरबर्ग

कर्करोग हा शब्द आज कोणत्याही वस्तीला, कोणत्याही घराला परका राहिलेला नाही. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी आणि पालकांपैकी अनेकांना घरातील कुणासाठी तरी इस्पितळाच्या वाऱ्या कराव्या लागल्या असतील. रोगाचे निदान झाले की उपचारांच्या चर्चेबरोबर घरात एक प्रश्न हमखास निघतो. रुग्णाची साखर बंद करावी काय? साखर हेच कर्करोगाचे खाद्य आहे, असे एखादा नातलग ठामपणे सांगतो. दुसरा मोबाईलवर आलेला मजकूर दाखवतो आणि त्या मजकुरात नोबेल पारितोषिक मिळालेल्या एका शास्त्रज्ञाचे नाव असते. ते नाव ऑटो वॉरबर्ग यांचे. या माणसाने नेमके काय शोधले, त्यांचा गौरव कशासाठी झाला आणि त्यांचे कोठे चुकले, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. ते समजावे याच हेतूने आम्ही त्यांचे चरित्र या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ऑटो हाइन्रिख वॉरबर्ग यांचा जन्म ८ ऑक्टोबर १८८३ रोजी जर्मनीतील फ्रायबुर्ग या गावी झाला. वडील एमिल वॉरबर्ग हे नामवंत पदार्थवैज्ञानिक होते. ते ज्यू घराण्यात जन्मले, पण पुढे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. आई ख्रिस्ती कुटुंबातील होती. १८९५ मध्ये वडिलांना बर्लिन विद्यापीठात प्राध्यापकपद मिळाले आणि कुटुंब राजधानीत आले. त्या काळी बर्लिन हे विज्ञानाचे माहेरघर होते. मोठमोठ्या शास्त्रज्ञांची घरी ऊठबस असे. पुढे आल्बर्ट आइनस्टाइनही वडिलांच्या स्नेह्यांपैकी झाले. प्रयोग म्हणजे काय, मोजमापातील काटेकोरपणा म्हणजे काय, हे मुलाने घरातच पाहिले.

त्यांनी प्रथम रसायनशास्त्र घेतले. एमिल फिशर या महान रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकून १९०६ मध्ये त्यांनी बर्लिनला डॉक्टरेट मिळवली. तेवढ्यावर न थांबता ते हायडेलबर्गला वैद्यक शिकण्यास गेले आणि १९११ मध्ये वैद्यकाचीही पदवी त्यांनी घेतली. कर्करोगाचे कोडे आपण सोडवावे, ही आकांक्षा त्यांच्या मनात तरुणपणीच रुजली होती. परंतु थेट रोगाला हात घालण्याऐवजी त्यांनी एक मूलभूत प्रश्न निवडला. जिवंत पेशी श्वास कशी घेते? आपण नाकाने घेतलेला प्राणवायू शेवटी शरीरातील प्रत्येक पेशीत पोचतो आणि तेथे अन्नाचे ज्वलन होऊन ऊर्जा मिळते. हे ज्वलन ज्वाळेशिवाय, शरीराच्या साध्या उष्णतेत कसे घडते, याचे उत्तर तेव्हा कुणापाशीच नव्हते.

इटलीतील नेपल्स येथे समुद्री जीवांच्या अभ्यासाचे प्रसिद्ध केंद्र आहे. तेथे वॉरबर्ग यांनी सी-अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या अंड्यांवर प्रयोग केले. १९०८ मध्ये त्यांनी दाखवून दिले की, अंडे फलित झाले की त्याचा प्राणवायूचा वापर सुमारे सहा पटींपर्यंत वाढतो. वाढ सुरू झाली की श्वसन वाढते, असा या निष्कर्षाचा सरळ अर्थ होता. मग कर्करोगाची गाठ तर बेसुमार वेगाने वाढते. तिच्या पेशी प्राणवायूही तसाच बेसुमार वापरीत असणार, असे अनुमान स्वाभाविक होते. हे अनुमान वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढे त्यांच्याच प्रयोगाने ते मोडीत काढले.

मध्यंतरी पहिले महायुद्ध पेटले. संशोधन बाजूला ठेवून वॉरबर्ग घोडदळात भरती झाले, आघाडीवर लढले, जखमी झाले आणि शौर्याबद्दल त्यांना आयर्न क्रॉस हे पदक मिळाले. १९१८ मध्ये आइनस्टाइन यांनी त्यांना पत्र लिहिले. अशा बुद्धीच्या तरुणाचा जीव आघाडीवर जाऊ नये, त्याने प्रयोगशाळेत परतावे, असा त्या पत्राचा आशय होता. वॉरबर्ग परतले. बर्लिनच्या डालेम भागातील कैसर विल्हेल्म संस्थेत त्यांचे काम सुरू झाले आणि पुढील पन्नास वर्षे डालेम हीच त्यांची कर्मभूमी ठरली.

या प्रयोगशाळेची एक गोष्ट आम्हांस विशेष सांगावीशी वाटते. वॉरबर्ग यांच्या सहकाऱ्यांत मोठ्या पदव्यांचे लोक थोडे होते. यंत्रकामाचे शिक्षण घेतलेले, हाताने नेटके काम करणारे तंत्रज्ञ त्यांनी पारखून घेतले आणि त्यांना जीवरसायनशास्त्र स्वतः शिकवले. एर्विन नेगेलाइन, फ्रिट्झ कुबोविट्झ, वॉल्टर ख्रिश्चन ही त्यांतील नावे. त्यांच्या कामाचे श्रेय त्यांनाच मिळाले. शोधनिबंधांवर वॉरबर्ग यांच्या नावाबरोबर त्यांचीही नावे छापली गेली आणि जीवरसायनशास्त्राच्या इतिहासात ती कायमची राहिली. हाताच्या कौशल्याला कमी लेखणाऱ्या समाजाने ही गोष्ट आवर्जून पाहावी, अशी आहे.

पेशींचा श्वास मोजावयाचा कसा, ही पहिली अडचण होती. वॉरबर्ग यांनी तिच्यासाठी दोन साधने सिद्ध केली. शरीरातील जिवंत ऊतीचा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ काप घेण्याची पद्धत त्यांनी बसवली. काप इतका पातळ का, तर द्रवात विरघळलेला प्राणवायू त्याच्या आतल्या पेशींपर्यंतही पोचावा म्हणून. दुसरे साधन म्हणजे वायूचा दाब मोजणारी काचेची नळी. बंद काचपात्रात काप ठेवावयाचा, पात्र कोमट पाण्यात हलवीत राहावयाचे आणि नळीतील द्रवाची पातळी किती सरकते ते पाहावयाचे. पेशींनी प्राणवायू वापरला तर दाब घटतो. पेशींनी आम्ल सोडले तर द्रवातील बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि दाब वाढतो. एवढ्या साध्या तत्त्वावर पेशीच्या जमाखर्चाचा हिशेब मांडता येऊ लागला. पुढे कित्येक दशके जगभरच्या प्रयोगशाळांत हे उपकरण त्यांच्याच नावाने ओळखले जात होते.

१९२० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी उंदरांच्या कर्करोगाच्या गाठींचे काप या पात्रांत ठेवले. अपेक्षा होती प्राणवायूचा वापर वाढलेला दिसण्याची. तो वाढलेला नव्हताच. त्याऐवजी गाठीच्या पेशी भराभर ग्लुकोज शोषून घेत होत्या आणि तितक्याच झपाट्याने लॅक्टिक आम्ल बाहेर टाकीत होत्या. प्राणवायू भरपूर असतानाही हे घडत होते आणि खरे नवल तेच होते.

हे नवल का, ते समजण्यासाठी साखरेचा पेशीतील प्रवास पाहावा लागेल. भात, भाकरी, फळे, गूळ काहीही खाल्ले तरी त्यातील पिष्ट व साखर यांचे मुख्यतः ग्लुकोज होते आणि ते रक्तातून पेशीत शिरते. पेशीत त्याचे प्रथम दोन तुकडे होतात. या पायरीला प्राणवायू लागत नाही आणि एका ग्लुकोज रेणूमागे एटीपी या ऊर्जावाहक रेणूंची नक्त कमाई फक्त २ होते. प्राणवायू असेल तर ते तुकडे पेशीतील तंतुकणिकांत जातात, तेथे त्यांचे पूर्ण ज्वलन होते आणि एकूण कमाई ३० च्या आसपास जाते. प्राणवायू अपुरा असेल तर तुकड्यांचे लॅक्टिक आम्ल बनते. जोरात धावताना आपल्या स्नायूंत हेच घडते. आंबवणाऱ्या यीस्टचीही रीत अशीच. फरक इतकाच की ते आम्लाऐवजी मद्यार्क बनवते. प्राणवायू मिळाला की आंबण्याची क्रिया मंदावते, हे लुई पाश्चर यांनी पूर्वीच दाखवले होते. कर्करोगाची पेशी मात्र प्राणवायू समोर असताना आंबवण्याचीच वाट धरते. ३० ची कमाई सोडून २ वर समाधान मानते आणि तोटा भरून काढण्यासाठी साखरेचा फडशा पाडते.

हा केवळ काचपात्रातील प्रकार नाही, हेही त्यांनी तपासले. जिवंत उंदरांच्या गाठीत जाणाऱ्या आणि गाठीतून परतणाऱ्या रक्तातील ग्लुकोज व लॅक्टिक आम्ल त्यांनी सहकाऱ्यांसह मोजले आणि १९२७ मध्ये ते प्रसिद्ध केले. गाठीतून परतणाऱ्या रक्तात ग्लुकोज बरेच कमी झालेले होते आणि लॅक्टिक आम्ल वाढलेले होते. पुढे या घटनेला वॉरबर्ग परिणाम हे नाव मिळाले.

त्यांना १९३१ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते मात्र या शोधासाठी नव्हे. पेशीतील श्वसनाला चालना देणारे जे विकर, त्याचे स्वरूप व कार्य उलगडल्याबद्दल तो सन्मान होता. या विकरात लोह असते, कार्बन मोनॉक्साइड त्याला अडवतो आणि प्रकाश पडला की हा अडसर सुटतो, हे त्यांनी अतिशय कौशल्याने सिद्ध केले. कर्करोगाचे कारण शोधल्याबद्दल त्यांना नोबेल मिळाले, असे सांगून कसले पाणी वा चूर्ण विकणारे लोक आढळतात. ते धादांत असत्य आहे. प्रत्येक वाचकाने ते आपल्या घरी सांगावे, अशी आमची विनंती आहे.

त्यांच्या हाताखाली घडलेल्यांत हान्स क्रेब्स हे नाव ठळक आहे. १९२६ ते १९३० या काळात ते वॉरबर्ग यांच्याकडे होते. ज्यू असल्याने १९३३ मध्ये त्यांना देश सोडावा लागला आणि इंग्लंडमध्ये त्यांनी ग्लुकोजच्या तुकड्यांचे अंतिम ज्वलन ज्या चक्राने होते ते चक्र शोधले. १९५३ मध्ये त्यांनाही नोबेल मिळाले. गुरूने साखरेच्या अर्धवट ज्वलनाचे कोडे पुढे आणले आणि शिष्याने पूर्ण ज्वलनाची वाट दाखवली.

नाझी राजवटीचा काळ हा वॉरबर्ग यांच्या आयुष्यातील अवघड भाग आहे. जन्मावरून माणसाची प्रतवारी लावणाऱ्या त्या राजवटीच्या कायद्यांनी त्यांना अर्धे ज्यू ठरवले. कितीतरी सहकारी देशोधडीला लागले. वॉरबर्ग मात्र जर्मनीतच राहिले, आपल्या प्रयोगशाळेला चिकटून राहिले. १९४१ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्यात आले. पण काही आठवड्यांतच कर्करोगाचे संशोधन चालू ठेवण्यासाठी त्यांना परत नेमण्यात आले. बॉम्बवर्षावामुळे १९४३ मध्ये संस्था बर्लिनच्या उत्तरेकडील लिबेनबर्ग येथे हलवली गेली आणि १९४५ मध्ये रशियन सैन्याने तेथील उपकरणे नेली. काम पुन्हा रुळावर येण्यास १९५० उजाडले. ज्या राजवटीने त्यांच्या सोबत्यांना हाकलले तिच्याच आश्रयाने त्यांनी काम चालू ठेवले, ही गोष्ट त्यांच्या थोरवीच्या आड झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही.

आता त्यांच्या विज्ञानातील वादाकडे वळू. गाठीच्या पेशी साखर आंबवतात, हे त्यांनी मोजले होते. त्यावरून त्यांनी असा सिद्धांत मांडला की, पेशीचे श्वसन कायमचे बिघडते आणि हा बिघाड हेच कर्करोगाचे मूळ कारण होय. मोजमाप आणि सिद्धांत या दोहोंमध्ये अंतर होते, पण ते अंतर वॉरबर्ग यांना दिसेनासे झाले. १९५६ मध्ये त्यांनी हाच सिद्धांत मोठ्या आग्रहाने पुन्हा मांडला. फिलाडेल्फियाचे सिडनी वाइनहाउस आणि इतर संशोधकांनी तेव्हाच आक्षेप घेतला. बहुतेक गाठींच्या पेशींचे श्वसन शाबूत असते, त्यांच्या तंतुकणिका अन्नाचे ज्वलन करू शकतात, असे त्यांचे पुरावे सांगत होते. वॉरबर्ग यांनी ते मानले नाही. वनस्पती सूर्यप्रकाश किती काटकसरीने वापरतात याविषयीही असेच घडले. त्यांचाच जुना विद्यार्थी रॉबर्ट इमर्सन याने मोजमाप करून त्यांचा आकडा चुकीचा असल्याचे दाखवले आणि काळाने विद्यार्थ्याच्या बाजूने कौल दिला. गुरूने आपला आकडा अखेरपर्यंत सोडला नाही.

व्यक्तिगत आयुष्यात ते शिस्तीचे आणि एकांतप्रिय होते. त्यांनी विवाह केला नाही. याकोब हाइस हे त्यांचे आयुष्यभराचे सोबती होते. सकाळची घोडदौड चुकत नसे. रासायनिक खतांवाचून पिकवलेल्या धान्याची भाकरी आणि स्वतःच्या बागेतली भाजी यांवर त्यांचा भर असे. सर्वसाधारण निवृत्तीचे वय उलटून गेल्यावरही ते संस्थेचे प्रमुख राहिले. १ ऑगस्ट १९७० रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, बर्लिनमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यानंतरची काही वर्षे त्यांचा कर्करोगाचा सिद्धांत मागे पडला. कर्करोगाला जनुकांतील बिघाड कारणीभूत असतो, हे एकामागून एक शोधांनी स्पष्ट झाले. साखरेचा विषय जुना, जवळजवळ कालबाह्य मानला जाऊ लागला. आणि मग नवल असे की, जनुकांचा माग काढणारे शास्त्रज्ञच फिरून त्या साखरेपाशी आले. पेशीला बेबंद वाढण्याचा आदेश देणारी मिकसारखी जनुकेच पेशीच्या दारावर ग्लुकोज आत घेणारे वाहक वाढवतात आणि साखर फोडणारी विकरे जास्त बनवतात, असे आढळले. प्राणवायूची कमतरता ओळखणारे एचआयएफ हे प्रथिनही हेच करते.

पण कमी कमाईची वाट पेशी का धरते? वाढणाऱ्या पेशीची गरज केवळ इंधनाची नसते. एका पेशीच्या दोन व्हावयाच्या तर नवा डीएनए, नवी प्रथिने, नवे पटल यांसाठी कच्चा माल लागतो. घर बांधणाऱ्याने सगळे लाकूड चुलीत घातले तर दारे-खिडक्यांसाठी काय उरेल? साखर पूर्ण न जाळता अधल्यामधल्या पायऱ्यांवरच तिचे काही तुकडे बांधकामाकडे वळवणे वाढत्या पेशीला सोयीचे ठरते, असे आज मानले जाते. संसर्गाशी लढताना आपल्या रोगप्रतिकारक पेशीही वेगाने दुणावतात आणि त्या काळात याच वाटेने जातात. म्हणजे ही वाढीची एक नैसर्गिक रीत आहे. कर्करोगाची पेशी ती बळकावते आणि सोडत नाही. शिवाय बाहेर टाकलेल्या लॅक्टिक आम्लाने गाठीभोवतीचा भाग आम्लधर्मी होतो, शेजारच्या ऊतीत घुसणे गाठीला सोपे जाते आणि प्रतिकारक पेशी दुबळ्या पडतात. बिघाड श्वसनात नसून वाढीच्या हुकमात असतो, हे आजचे उत्तर आहे. वॉरबर्ग यांनी परिणामाला कारण मानले होते.

या जुन्या मोजमापाचा सर्वांत मोठा उपयोग आज पेट स्कॅन या तपासणीत होतो. ग्लुकोजसारख्याच दिसणाऱ्या एका पदार्थाला किरणोत्सारी फ्लोरिन जोडून तो रुग्णाला टोचतात. माणसावर त्याचा पहिला वापर १९७६ मध्ये फिलाडेल्फियात झाला. साखरेला हपापलेल्या पेशी तो अधिक प्रमाणात घेतात. पण तो पुढे फुटत नाही, पेशीतच अडकतो आणि चित्रात ती जागा उजळते. म्हणूनच तपासणीपूर्वी काही तास उपाशी राहण्यास सांगतात आणि रक्तातील साखर मोजून घेतात. मेंदूही नेहमीच साखर वापरीत असल्याने चित्रात उजळतो. क्षयाच्या वा अन्य संसर्गाच्या जागाही उजळू शकतात. त्यामुळे चित्रातील प्रत्येक उजळ ठिपका म्हणजे कर्करोग नव्हे, हे नातलगांनी ध्यानात घ्यावे आणि निष्कर्ष डॉक्टरांवर सोडावा. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात ही तपासणी होते. तेथे रांगेत बसलेल्या रुग्णाच्या हाती जो अहवाल येतो, त्याच्या मुळाशी शंभर वर्षांपूर्वीचे डालेमचे ते काचपात्र आहे.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. गाठ साखर खाते, तर रुग्णाची साखर तोडली की गाठ उपाशी मरेल काय? नाही. आपण गोड पूर्ण बंद केले तरी यकृत रक्तातील ग्लुकोजची पातळी टिकवून ठेवते. अन्नातून मिळाले नाही तर स्नायूंतील प्रथिने मोडून ते ग्लुकोज बनवते. उपासाने झिजतो तो रुग्णाचा देह, आणि झिजलेल्या देहाला केमोथेरपी सोसवत नाही. उपचार घेणाऱ्या माणसाला पुरेशी ऊर्जा व प्रथिने मिळणे अगत्याचे असते. मधुमेह असेल तर पथ्य डॉक्टरांच्या सल्ल्याने पाळावेच. निरोगी माणसानेही गोडाचा अतिरेक टाळावा, कारण त्याने वजन वाढते आणि स्थूलतेचा संबंध अनेक प्रकारच्या कर्करोगांशी आहे. परंतु भूक मारून, नेमका उपचार सोडून, आम्लता घालवणाऱ्या पाण्याच्या वा चूर्णाच्या मागे लागणे म्हणजे रुग्णाचा मोलाचा काळ वाया घालवणे होय. साखरेची ही वाट अडवण्याचे औषध शोधण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. पेशीच्या चयापचयातील अन्य एका बिघाडावर, आयडीएच या विकराच्या बदललेल्या रूपावर, काम करणारी औषधे रक्ताच्या एका कर्करोगासाठी २०१७ पासून वापरात आली आहेत. ही वाट लांबची आहे, पण खरी आहे.

वॉरबर्ग यांच्या चरित्रातून आमच्या विद्यार्थ्यांनी काय घ्यावे? त्यांच्या मोजमापाची निष्ठा घ्यावी. मनात धरलेल्या अपेक्षेविरुद्ध निकाल आला तेव्हा त्यांनी निकाल बदलला नाही, अपेक्षा सोडली. पुढे त्यांनी स्वतःच उभारलेल्या सिद्धांताविरुद्ध पुरावे आले, तेव्हा मात्र हेच धैर्य त्यांना दाखवता आले नाही. मोजलेले टिकले, आग्रह गळून पडला. नोबेल मिळालेल्या माणसाचे वचनही पुराव्यावाचून मानू नये, मग मोबाईलवर फिरणाऱ्या मजकुराची काय कथा! आमच्या प्रयोगशाळेत परीक्षानळी हाती धरणाऱ्या प्रत्येक मुलीने आणि मुलाने जे दिसले तेच वहीत लिहावे, आणि उद्या कुणी त्याहून नेमके मोजून दाखवले तर आपल्याच हाताने ते दुरुस्त करावे. असे झाले तर या चरित्राच्या वाचनाचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.